'विधी' हा शब्द नेमका कुठे वापरावा?

प्रश्न असा आहे: एक भाषांतरकार ताई मानवशास्त्रावरचा इंग्रजी लेख मराठीत आणत आहेत. त्यात 'रिच्युअल' हा शब्द पानोपानी येतो. त्यांनी सगळीकडे 'विधी' लिहिलं. संपादकांनी त्यातल्या निम्म्या ठिकाणी 'कर्मकांड' केलं, काही ठिकाणी 'संस्कार' आणि एके ठिकाणी 'सोपस्कार'. यातलं बरोबर कोणतं? शिवाय 'तो विधी' की 'ती विधी', 'विधिवत' की 'विधीवत', हेही त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी थेट उत्तर देतो. तुमचा 'विधी' बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. तो मराठीत पुल्लिंगी आहे. 'विधिवत' मधला 'धि' ऱ्हस्व. आणि 'कर्मकांड' हा शब्द लेखकाने जिथे टीका केली आहे तेवढ्याच जागी ठेवा, बाकी ठिकाणचा काढून टाका. मी गेली 31 वर्षं पौरोहित्य करतो आणि दुपारी संस्कृत शिकवतो. हा शब्द माझ्या रोजच्या कामातला आहे, त्यामुळे कारणं जरा सविस्तर सांगतो.

'विधि' हा शब्द 'वि' उपसर्ग आणि 'धा' धातू यांपासून झाला. 'धा' म्हणजे ठेवणं. विधी म्हणजे नीट लावून ठेवलेलं, नेमून दिलेलं. त्याच घरातले विधान, विधेय, विधाता हे शब्द तुम्हाला माहीत आहेतच, पण त्याचं सगळ्यात जवळचं भावंड आपण सरकारी कागदावर रोज वाचतो: 'विहित नमुन्यातील अर्ज'. 'विहित' हे त्याच 'वि' आणि 'धा' चं धातुसाधित रूप आहे. अर्ज विहित नमुन्यात हवा, म्हणजे मजकूर खरा असला तरी पुरत नाही, तो ठरलेल्या रकान्यात, ठरलेल्या क्रमाने यावा लागतो. विधीचंही अगदी तेच आहे.

वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या मीमांसाशास्त्राने ही गोष्ट एका साध्या उदाहरणाने समजावली आहे आणि मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच ते सांगतो. यज्ञासाठी तांदूळ हवेत. वेदवाक्य म्हणतं, 'व्रीहीन् अवहन्ति', साळी कांडाव्यात. आता साळीचं फोलपट नखांनी सोलूनही निघतं. हातात येणारा दाणा दोन्ही रीतींनी सारखाच. मग 'कांडाव्यात' असं वेगळं सांगायचं कारण काय? मीमांसक म्हणतात, हा नियमविधी आहे. जे अनेक वाटांनी साधू शकतं ते याच वाटेने साधायचं, असं तो बांधून देतो. नखांनी सोललेला दाणा स्वयंपाकाला चालेल, त्या यज्ञाला चालणार नाही. 'विधी' शब्दाचा गाभा मला इथे दिसतो. फळ हाती येणं हा त्याचा अर्धाच भाग आहे. ते ठरलेल्या वाटेने येणं हा उरलेला अर्धा, आणि तो टाळता येत नाही.

म्हणूनच विधी म्हणजे श्रद्धा नव्हे आणि मंत्रही नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकात तामस यज्ञाची लक्षणं दिली आहेत. तिथे विधिहीन, मंत्रहीन आणि श्रद्धाविरहित हे तीन दोष वेगवेगळे मोजले आहेत. एखादं कर्म मंत्रांसकट आणि भक्तिभावाने होऊनही विधिहीन असू शकतं. भाषांतरात हा फरक उपयोगी पडतो. मूळ लेखकाला कृतींचा ठरलेला क्रम अभिप्रेत असेल तर 'विधी' लिहा. त्यामागची भावना अभिप्रेत असेल तर 'उपासना', 'भक्ती', 'आराधना' हे शब्द आपल्याकडे आहेत.

मराठीच्या व्याकरणातही हा शब्द बसलेला आहे. शाळेत आपण आज्ञार्थ आणि विध्यर्थ शिकलो. 'पाणी घे' हा आज्ञार्थ, 'पाणी घ्यावे' हा विध्यर्थ. पूजेची कोणतीही मराठी पोथी उघडा: 'दोनदा आचमन करावे, पळीभर पाणी सोडावे, अक्षता वाहाव्यात.' आज्ञेला समोर माणूस लागतो. विध्यर्थाला लागत नाही. जो कोणी त्या पाटावर बसेल त्याने असं करावं. आजोबा बसले तरी तेच, नातू बसला तरी तेच. विधी माणसाशी न बोलता त्याच्या जागेशी बोलतो. पोथी आज्ञार्थात लिहिलेली मी अजून पाहिलेली नाही.

आता 'विधी' आणि 'समारंभ' यांतला फरक. हा तुमच्या लेखात वारंवार लागणार आहे, कारण इंग्रजीत 'रिच्युअल' आणि 'सेरिमनी' शेजारी शेजारी येतात. मी एक कसोटी वापरतो. ती गोष्ट वगळून पाहायची. वगळल्यावर मूळ घटना घडलीच नाही असं होत असेल, तर तो विधी. घटना घडली, फक्त थाटमाट झाला नाही, असं होत असेल, तर तो समारंभ किंवा सोहळा.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण 'शपथविधी' चं. संविधानाच्या अनुच्छेद 164 प्रमाणे राज्यपालांनी शपथ दिल्याशिवाय मंत्र्याला पदग्रहण करता येत नाही. आमदारांसाठी अनुच्छेद 188 आहे. निवडून आलेला सदस्य शपथ न घेता सभागृहात बसला किंवा त्याने मतदान केलं, तर अनुच्छेद 193 नुसार त्याला दर दिवसाला 500 रुपये दंड होतो. व्यासपीठ, मैदान, फुलांच्या माळा, पाहुणे हे सगळं काढून टाका. राज्यपालांच्या निवासस्थानी एका खोलीत चार माणसांसमोर शपथ झाली तरी मंत्री हा मंत्रीच. उलट मैदान भरलं, भाषणं झाली आणि शपथेचे शब्दच उच्चारले गेले नाहीत, तर काहीच झालं नाही. म्हणून शपथेचा विधी असतो आणि त्याच्या भोवती सोहळा असतो. वर्तमानपत्रात 'शपथविधी सोहळा' असं एकत्र छापतात ते या अर्थाने खपून जातं, पण लिहिताना तुमच्या मनात दोन्ही वेगळे असू द्या. या विधीत देवळाचा, होमाचा, पुरोहिताचा संबंध नाही हेही ध्यानात घ्या. 'विधी' धार्मिकच असतो असं मानून तुमचे संपादक थबकले असतील, तर हा एक शब्द त्यांना दाखवा.

दुसरं उदाहरण माझ्या रोजच्या डोळ्यांपुढचं. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजते. 'लग्न लागलं' म्हणत मंडळी पंगतीकडे वळतात. त्या शब्दांत चूक काही नाही, लग्न म्हणजे मुहूर्ताची घटिका आणि ती लागली. पण विवाहाचे मुख्य विधी त्यानंतर होतात. पाणिग्रहण (वराने वधूचा हात धरणं) आणि लाजाहोम (लाह्यांचा होम) झाले की मी होमाच्या उत्तरेला तांदळाच्या सात लहान राशी मांडतो. वधू एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत जाते. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्याला आश्वलायन गृह्यसूत्राचे, म्हणजे घरातल्या विधींच्या एका प्राचीन ग्रंथाचे, शब्द आहेत, 'सखा सप्तपदी भव'. सातव्या पावलाला तू माझी सखी हो. त्या वेळी मांडवात दोन्हीकडचे आईवडील, एखादी आत्या, छायाचित्रकार आणि मी, एवढेच असतो. पाचशे माणसं अक्षता टाकून गेली, आणि जे व्हायचं ते या सहा-सात माणसांसमोर झालं. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता मी मंगलाष्टकांआधीच ध्वनिक्षेपकावर सांगतो की सप्तपदी अमुक वाजता आहे, ज्यांना जमेल त्यांनी थांबावं. पुष्कळ जण थांबतात.

कायद्यानेही हेच धरलं आहे. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 7 नुसार विवाह दोघांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनुसार व्हावा लागतो. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मधल्या एका निकालात स्पष्ट सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. आणि ज्यांना धार्मिक विधी नको असतो त्यांच्यासाठी विशेष विवाह अधिनियम, 1954 आहे. तिथेही विवाह अधिकारी आणि 3 साक्षीदार यांच्यासमोर दोघांना एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करत असल्याचे ठरलेले शब्द उच्चारावे लागतात, त्याशिवाय तो विवाह पूर्ण होत नाही. नोंदणी पद्धतीच्या लग्नात 'काही विधी नसतो' असं आपण म्हणतो. तिथलाही विधी आहे, फक्त दोन ओळींचा.

आता संपादकांनी घातलेले शब्द एकेक घेऊ.

'संस्कार' चांगला शब्द आहे, पण त्याचा रोख वेगळीकडे आहे. चरकसंहितेत, आयुर्वेदाच्या ग्रंथात, त्याची व्याख्या आहे: 'संस्कारो हि गुणान्तराधानम् उच्यते'. आधी नसलेला गुण वस्तूत आणून ठेवणं म्हणजे संस्कार. चरकांच्या मनात आहाराची द्रव्यं होती, पण व्याख्या माणसालाही तंतोतंत लागू पडते. मुंज, नामकरण, विवाह यांना संस्कार म्हणतात कारण ज्याच्यावर ते होतात तो बदलतो. संस्कार कोणावर तरी होतो आणि विधी कशाचा तरी असतो. 'मुलावर मुंजीचा संस्कार झाला' आणि 'मुंजीचा विधी दोन तास चालला', ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि ती एकाच सकाळबद्दल आहेत. वास्तुशांत हा विधी आहे. श्राद्ध हाही विधीच, सोळा संस्कारांत त्याची गणना नाही. तेव्हा सगळीकडे 'विधी' काढून 'संस्कार' घालता येणार नाही. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या टप्प्यांवर जे होतं, ज्याला तुमचा लेखक एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं म्हणत असेल, तिथे 'संस्कार' शोभून दिसेल.

मृत्यूच्या वेळी मात्र दोन्ही शब्द चालतात. 'अंत्यविधी' आणि 'अंत्यसंस्कार' यांत अर्थाचा फरक आज राहिलेला नाही, वाक्यरचनेचा आहे. 'अंत्यविधी झाला' हे एकवचन आणि 'अंत्यसंस्कार करण्यात आले' हे अनेकवचन रूढ आहे. तिसरा शब्द 'अंत्येष्टी'. त्यातली 'इष्टि' म्हणजे यज्ञ. माणसाने आयुष्यभर आहुत्या दिल्या, शेवटची आहुती त्याच्या देहाची, म्हणून ती शेवटची इष्टी. हा शब्द लिहिताना मला दर वेळी थांबायला होतं.

क्रियापदांबद्दल एक सांगायलाच हवं. पौरोहित्याला लागलो त्या पहिल्या वर्षी, दहाव्याला घाटावर बसलो होतो. ऊन चढत होतं, पुढे दुसरीकडे जायचं होतं. मी म्हणालो, "चला, पुढचा विधी उरकून घेऊ." गेलेल्या माणसाची म्हातारी आई मागे बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, उरकायला ती काय भांडी आहेत?" मी तिची क्षमा मागितली. तेव्हापासून दुःखाच्या प्रसंगी 'उरकणे' आणि 'आटोपणे' ही दोन क्रियापदं मी जिभेवर येऊ देत नाही. विधी 'होतो', 'करतात', 'पार पडतो'. भाषांतरात 'विधी उरकला' लिहिलंत की करणाऱ्याचा कंटाळा वाक्यात शिरतो. लेखकाला तो दाखवायचा असेल तरच लिहा.

'सोपस्कार' हा मूळचा स आणि उपस्कार यांचा समास. उपस्कार म्हणजे जोडीचं साहित्य, साधनं. सोपस्कार म्हणजे सगळ्या साहित्यासह. आज मराठीत तो बहुधा अनेकवचनात येतो आणि 'करायचं म्हणून करायचं' अशी त्याला छटा आली आहे: 'कायदेशीर सोपस्कार पूर्ण झाले.' कागदपत्रं, सह्या, शिक्के यांना तो उत्तम. एखाद्या गावाच्या देवीच्या पूजेला 'सोपस्कार' म्हटलं तर ते गाव दुखावेल.

'उपचार' आणि त्यापासून झालेला 'औपचारिक' हे शब्द तुमच्या यादीत नव्हते, पण ते लागतीलच, आणि मला त्यांच्याबद्दल फार जिव्हाळा आहे. उपचार म्हणजे जवळ जाऊन केलेली सेवा. षोडशोपचार पूजेत देवाला आधी बोलावतात, मग बसायला आसन, पाय धुवायला पाणी, हातावर अर्घ्य, आचमनाला पाणी, मग स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. घरी दमून आलेल्या पाहुण्यासाठी आपण जे करतो तेच, त्याच क्रमाने. आधी बसा, मग पाणी, मग जेवण. कोणी पाहुण्याला उंबऱ्यावरच ताट देत नाही. वेळ नसेल त्याच्यासाठी गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य अशी पंचोपचार पूजा आहे. आजाऱ्याच्या सेवेलाही आपण उपचारच म्हणतो, तो याच अर्थाने. अशा शब्दापासून झालेला 'औपचारिक' आज 'कोरडा, मनापासून नसलेला' या अर्थाला पोचला आहे. व्यवहारात तो अर्थ पक्का झाला आहे, त्याला माझा इलाज नाही. फक्त एवढं करा, इंग्रजीतलं 'फॉर्मल' जिथे 'रीतसर' या अर्थाने येतं तिथे 'औपचारिक' ऐवजी 'रीतसर' किंवा 'विधिवत' लिहा. 'रीतसर निमंत्रण', 'विधिवत प्रतिष्ठापना'.

'कर्मकांड' हे मुळात वेदाच्या एका भागाचं नाव, ज्ञानकांडाच्या जोडीचं. आजच्या मराठीत तो शब्द ऐकताच वाचकाला निर्बुद्ध, माणसाला नाडणारी क्रिया दिसते. हा अर्थ विनाकारण आलेला नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताशिवाय विवाह लावून दाखवले, तेव्हा त्यांचा झगडा याच गोष्टीशी होता. आणि तरीही त्यांनी विवाहाचा विधी सोडला नाही. वधूवरांनी एकमेकांना द्यायची वचनं त्यांनी मराठीत, दोघांना समजतील अशी रचली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या त्यांतही ब्राह्मणाच्या हातून कोणतंही क्रियाकर्म न करवून घेण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती दीक्षा स्वतः त्रिशरण-पंचशीलाच्या विधीनेच झाली. माझ्या व्यवसायाच्या माणसाने हे विसरू नये असं मला वाटतं. म्हणून म्हणतो, 'कर्मकांड' हा आज टीकेचा शब्द आहे. मानवशास्त्रज्ञ नुसतं पाहून वर्णन करत असेल, तर त्याच्या तोंडी हा शब्द घालणं म्हणजे त्याने न केलेली टीका त्याच्या नावावर टाकणं होय.

याला जोडून एक. लेखात निरनिराळ्या समाजांचे विधी असतील तर ज्याचं त्याचं नाव आधी द्या. निकाह, बाप्तिस्मा, सत्यशोधक पद्धतीचा विवाह, बौद्ध पद्धतीचा विवाह. पुढच्या वाक्यात 'हा विधी' म्हणून तुम्ही त्याकडे निर्देश करू शकता. 'विधी' हा शब्द सगळ्यांना पुरण्याइतका मोकळा आहे, 'पूजा' किंवा 'संस्कार' तितके नाहीत.

'विधी कोण करतो' यावरही बहुतेक भाषांतरं घसरतात. 'पुरोहिताने विधी केला' असं सर्रास लिहिलेलं दिसतं. मराठी माणूस मात्र घरात म्हणतो, 'पूजा सांगायला गुरुजी येणार आहेत.' गुरुजी पूजा सांगतात, यजमान पूजा करतात. हा नुसता बोलण्याचा ढंग नाही. प्रत्येक विधीच्या आरंभी संकल्प असतो. त्यात देश, काळ, शालिवाहन शक, संवत्सर, तिथी, वार, करणाऱ्याचं गोत्र आणि नाव, कशासाठी करतो ते, आणि शेवटी 'करिष्ये'. प्रतिज्ञापत्रावर असावी तशी सगळी माहिती. त्यातलं 'करिष्ये' हे आत्मनेपदी रूप आहे. पाणिनीच्या नियमाप्रमाणे क्रियेचं फळ करणाऱ्याकडेच जात असेल तर अशा धातूंचं आत्मनेपद वापरतात, दुसऱ्याकडे जात असेल तर परस्मैपद, म्हणजे 'करिष्यामि'. मी पुढे म्हणतो, यजमान मागून म्हणतो, पण ते 'मी' यजमानाचं असतं. 'यजमान' हा शब्दही 'यज्' धातूच्या आत्मनेपदाचंच रूप आहे, स्वतःसाठी यज्ञ करणारा. तेव्हा भाषांतरात 'पुरोहितांनी विधी सांगितला' किंवा 'पुरोहितांच्या मार्गदर्शनाखाली कुटुंबाने विधी केला' असं लिहा. जिथे खरोखरच पुजारी एकटा सगळं करतो, जसं अनेक देवळांत, तिथे 'पुजाऱ्याने विधी केला' बरोबर.

दोन सुंदर शब्द सुचवतो, जमलं तर वापरा. 'यथासांग' म्हणजे सगळ्या अंगांसह, काही न गाळता. त्यातल्या 'सांग' ची फोड स आणि अंग अशी आहे. त्यापासूनच 'सांगता' झाला. मूळ अर्थ पूर्णता, सर्व अंगं पुरी होणं. 'उत्सवाची सांगता झाली' म्हणजे उत्सव नुसता संपला नाही, पुरा झाला. इंग्रजीत विधी 'संपला' असं असेल तिथे 'सांगता' लिहून पाहा.

आता लिंग आणि लेखन. हिंदीत 'विधि' स्त्रीलिंगी आहे, तिकडून 'पूजेची विधी', 'विधी पार पडली' अशी वाक्यं मराठीत आली आहेत. मराठीत तो विधी, ते विधी, विधीचा, विधींना. हिंदीत पाककृतीलाही 'विधि' म्हणतात, मराठीत तिथे 'कृती' हाच शब्द आहे. शेवटच्या अक्षरावरून लिंग ठरवू नका. निधी, समाधी हेही त्याच 'धा' धातूपासून त्याच प्रत्ययाने झालेले शब्द, आणि मराठीत निधी तो, समाधी ती.

लेखनाचा नियम सोपा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने 1962 मध्ये मान्य केले, 1972 मध्ये त्यांत भर पडून ते 18 झाले. त्यांनुसार तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, ऱ्हस्वान्त शब्द मराठीत सुटा आला की शेवटी दीर्घ: विधी, कवी, बुद्धी. तोच समासात आधी आला किंवा संस्कृत प्रत्यय घेऊन आला की ऱ्हस्व राहतो: विधिनिषेध, विधिमंडळ, विधियुक्त, विधिवत. शेवटच्या पदी आला की पुन्हा दीर्घ: अंत्यविधी, शपथविधी. 'विधिवत' ला पाय मोडायची गरज नाही. 'यथाविधि' हे अव्यय मात्र 'तथापि' सारखं ऱ्हस्वान्तच लिहायचं.

या शब्दाच्या बाकीच्या अर्थांपासून जपा. 'विधिलिखित' मधला विधी म्हणजे ब्रह्मदेव, नशीब. 'विधी व न्याय' मधला विधी म्हणजे कायदा. 'प्रातर्विधी' म्हणजे सकाळी शौचाला जाणं, म्हणून 'सकाळचे विधी' असं लिहिण्याआधी दोनदा वाचा. 'विधिनिषेध' म्हणजे काय करावं आणि काय करू नये. 'त्याला विधिनिषेध उरला नाही' हे कर्मठपणाबद्दल नसून नीतीबद्दल आहे.

तुम्ही पाठवलेल्या तीन वाक्यांना मी काय लिहिलं असतं ते देतो. पेरणीआधीच्या 'रिच्युअल' ला: 'पेरणीआधी बियाण्याची पूजा होते. घरातली वडीलधारी बाई हा विधी करते.' दोन गावांच्या प्रमुखांच्या 'रिच्युअल' भेटीला: 'दोन्ही गावांचे प्रमुख रीतीप्रमाणे एकमेकांना भेटतात.' आणि लेखक स्वतःच्या सकाळच्या चहाला 'रिच्युअल' म्हणतो तिथे 'विधी' नको, 'संस्कार' तर नकोच. 'पहाटे उठून अंगणात बसून चहा घ्यायचा, हा माझा नेम होता.'